जहाजाच्या तळाशी वऱ्हाड

२ नोव्हेंबर, सकाळी

डॉक्टर म्हणतात, बीपीचं मूळ राग. गिळू नका, लोकांवर काढू नका, लिहून काढा. म्हणून ही डायरी. कुणी वाचायची नाही. मीही परत वाचणार नाही. वाचली की पुन्हा राग येईल.

संकल्प : आजपासून राग बंद.

दुपारी

दारावर केळीवाली आली. केळी कशी आहेत विचारलं. म्हणे, केयी एक नंबर हायेत साहेब. तिथेच उभं राहून तिला 'ळ' शिकवला. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची, सोडायची. ती म्हणे, केयी घेता का जाऊ? राग आला नाही. फक्त केळी घेतली नाहीत.

संध्याकाळी

मुंबईहून प्रणालीचा फोन. मोठं काम मिळालंय. जपानी कार्टून फिल्म, मराठी डबिंग. इतके दिवस गर्दीतले आवाज, रडणारी बाळं, एकदा तर डास. आता नाव असलेलं पात्र, पडद्यावर नावही येणार. कोणतं पात्र विचारलं. म्हणे, बाबा, ते तुम्ही हॉलमध्ये बसूनच ऐका, आधी नाही सांगणार. मले वाटते तुमाले...

मी म्हणालो, 'मला'. परत म्हण.

ती म्हणे, मला. आईला द्या फोन. दिला. मायलेकी दार लावून तासभर खिदळत होत्या. विषय कळला नाही.

पात्र कोणतं, हे सांगायला कशाला हवं? नायिका. वीस वर्षं 'सुवाणी शुद्धोच्चार वर्ग' चालवतो मी. अमरावतीत जी काही चार माणसं शुद्ध बोलतात, ती माझ्या पुढच्या खोलीतून गेलेली आहेत. आणि प्रणाली तर भिंतीची पहिली विद्यार्थिनी.

भिंतीची पद्धत माझी स्वतःची. 'मले', 'तुले', 'काहून' असं काही तोंडातून निघालं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कपाळ टेकायचं, आणि शुद्ध येईपर्यंत वाक्य भिंतीला सांगायचं. मारणं नाही, दंड नाही. भिंतीवर कपाळांचे तेलकट डाग आहेत, कमी-जास्त उंचीवर. सगळ्यात खालचा प्रणालीचा. दिवाळीत बायकोने, संध्याने, रंग द्यायचा म्हटलं होतं. मी नको म्हणालो. लोक ट्रॉफ्यांवरची नावं पुसतात का?

५ नोव्हेंबर

योगेशला सांगितलं. माझा जुना विद्यार्थी, राजापेठेत मोबाईलचं दुकान. तो म्हणे, सर, कार्टून नका म्हणू, अॅनिमे म्हणा, पोरं चिडतात. 'आकाशभट्टी' नावाची सिरीज आहे, वर्षानुवर्षं चालू, त्यावरून आता फिल्म काढली. कोळशावर उडणारं जहाज, त्याची कप्तान रेइका. म्हटलं, बस, तीच आमची प्रणाली. योगेशने हात जोडले.

शिवाय त्याच्याकडून एक नवा शब्द मिळाला. रिप्रेझेंटेशन. म्हणे, जगात सगळीकडे हीच चर्चा आहे सर. पडद्यावर सावळी माणसं कुठं, जाडी कुठं, खेड्यातली कुठं? चांगला शब्द आहे. वर्गात दोनदा वापरला. खुशी नावाची एक कॉलेजची मुलगी येते, तिने मान हलवली. मुलाखतींच्या तयारीसाठी आली आहे. 'ण' अजून कच्चा.

संकल्प : प्रणालीच्या कप्तानपदाची बातमी स्वतःहून कुणाला सांगायची नाही.

६ नोव्हेंबर

इस्त्रीवाला, बँकेतले दोघे, आणि समोरचे जोशी. त्यांनी विचारलं म्हणून. म्हणजे विचारणारच होते.

९ नोव्हेंबर

बीपी मोजलं नाही. मशीन फुटेल.

ट्रेलर आला. आकाशात जहाज. वर डेकवर गोरीपान, टोकदार हनुवटीची, निळ्या केसांची माणसं. जपानी माणसांचे केस निळे का, हा प्रश्न तूर्त बाजूला. सगळे शुद्ध बोलतात. कप्तान रेइका म्हणते, "सर्वांनी आपापल्या जागा घ्याव्यात, वेळ थोडा आहे." पहिल्या अक्षराला ओळखलं. प्रणाली! तो 'ळ' माझा आहे. ऊर भरून आला.

मग चित्र खाली गेलं. आणखी खाली. जिथे उजेड संपतो तिथे भट्टी, आणि भट्टीसमोर एक बाई. काळी. जाडी. तोंडाला काजळी, हातात फावडं. नाव तामे. वरून हुकूम येतो, वेग वाढवा. आणि ही तोंड उघडते :

"वाढवा म्हणे! कोयसा का तुह्या मामानं धाडला?"

वऱ्हाडी! अख्ख्या जहाजात एकच माणूस वऱ्हाडी बोलतो, आणि तो तळाशी! मालिकेत वॉचमन हवा, बोलवा वऱ्हाडी. नाटकात गडी हवा, बोलवा वऱ्हाडी. घोडागाडी हाकायची, पाटी उचलायची, दारू पिऊन पडायचं, हसं करून घ्यायचं, की आणा अमरावती-अकोल्याकडचा. आणि प्रेम करायचं, देशासाठी मरायचं, न्यायनिवाडा करायचा, की पुणं. आजवर हे पुण्या-मुंबईवाले करत होते. आता जपान! आम्ही जपानचं काय घोडं मारलं होतं? माणूस आभाळात उडायला लागला तरी आमची जागा भट्टीपाशीच? कोणत्या लेकाच्यानं ठरवलं हे?

(शेवटच्या वाक्यातला 'लेकाच्यानं' रागात आला. 'व्यक्तीने' असं वाचावं.)

बी.एड.ला पुण्यात होतो, तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत "मले वाटते" असं निघून गेलं आणि सभागृह हसलं. मला काहीच वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळच्या गाडीने नांदगाव खंडेश्वरला घरी परत आलो ते अगदी वेगळ्या कारणाने. कारण आता आठवत नाही.

आणि संध्या? ट्रेलर पाहून डोळे पुसेपर्यंत हसली. म्हटलं, हा आपला अपमान आहे. ती म्हणे, कायचा अपमान? मले तं गोड वाटली पोट्टी. परत लावा. ही मूळची हिवरखेडची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, भिंतीला एकदाही उभी राहिली नाही.

११ नोव्हेंबर

'वऱ्हाडी अस्मिता मंच' स्थापन. अध्यक्ष मी. प्रसिद्धीप्रमुख योगेश. तलाठी म्हणून निवृत्त झालेले चंद्रभानजी सल्लागार, कारण त्यांच्याकडे खुर्च्या आहेत.

मी मागण्या मांडल्या. एक, तामेच्या तोंडी प्रमाण मराठी द्यावी. दोन, तिचा रंग उजळ आणि बांधा सडपातळ करावा. तीन, आमच्या भाषेची टिंगल करणारी ही जी कोणी नटी आहे, तिचा आवाज काढून दुसरा घालावा.

चंद्रभानजी म्हणाले, सर, रंग नाई, आंग नाई, बोली नाई, तं मंग तिच्यात वऱ्हाडी उरलं काय?

म्हटलं, भावना.

ते म्हणे, हाव. आणि चहा कधी येते विचारलं.

खुशी हात वर करून उभी राहिली. तिने सगळी सिरीज पाहिली आहे म्हणे. सर, तामे मूळ जपानीतही खेड्यातली बोली बोलते, बर्फाच्या भागातली. पहिल्या भागात सगळे तिला हसतात, पण नंतर... मी तिला थांबवलं. पुढचं ऐकलं असतं तर मन कलुषित झालं असतं. सिरीज पाहणार नाही हे माझं तत्त्व आहे. ट्रेलर पूर्ण पाहिला आहे.

संध्याला निवेदन वाचून दाखवलं. तिसरी मागणी आल्यावर ती उठली. म्हणे, अवो, त्या पोरीचा आवाज कायले काढता? थांबा आंधी, मी तुमाले... मी म्हणालो, भावनेच्या भरात बोलू नकोस. ती म्हणे, पोरीनं वचन घेतलं म्हणून गप आहो. नाई तं आताच सांगतलं असतं.

बिचारी. कप्तानपदाचं सरप्राईज फुटू नये म्हणून धडपडते आहे. मला कळलंय हे तिला कळू दिलं नाही. असा मी.

१४ नोव्हेंबर

डबिंग कंपनीचं उत्तर. नम्र भाषा, म्हणजे घाबरलेत. लिहितात, 'तामेसाठी वऱ्हाडी वापरण्याची कल्पना आमच्या कलाकाराचीच. त्या आपल्याच भागातल्या आहेत. आवाज ऐकून जपानहूनही कौतुक आलं आहे.'

किती ही थाप! आमच्या भागातली, मुंबईत डबिंग करणारी मुलगी एकच, ती माझ्या घरची, आणि ती कप्तान आहे. म्हणजे हे सरळ खोटं बोलतात. योगेशला पाठवलं. त्याने रागाचा लाल चेहरा पाठवला.

उत्तराला कडक उत्तर : तामेचा आवाज न बदलल्यास अमरावतीत चित्रपट चालू देणार नाही.

१७ नोव्हेंबर

प्रणालीचा फोन. आवाज बसलेला. म्हणे, बाबा, ते पत्र तुम्ही पाठवलं? म्हटलं, तुझ्यापर्यंत पोचलं! ती म्हणे, स्टुडिओत सगळे टेन्शनमध्ये आहेत. डिस्ट्रिब्यूटर म्हणतोय वाद नको, तामे दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, साध्या मराठीत.

मी म्हणालो, उत्तम! तू काळजी करू नको, तुझ्या रोलला धक्का लागणार नाही, हे मी निवेदनात पाहिलं आहे.

ती म्हणे, बाबा, तुम्ही एकदा पिक्चर पाहा. पाहून मग काय ते करा. माझं नाव पहिल्यांदा येतंय.

म्हटलं, पाहीन की, पहिल्या रांगेत बसून. पण आधी लढा.

तिने ठेवला. लेकीला बापाचा अभिमान वाटला की शब्द सुचत नाहीत.

२२ नोव्हेंबर

थिएटरवर मोर्चा. विजय!

सुरुवातीला गडबड. योगेशची पोरं ओरडली, "वऱ्हाडीचा अपमान, सहन नाई करनार!" मी मोर्चा थांबवला. "नाही. करणार. 'ण'. परत म्हणा." रस्त्यात उभं करून सगळ्यांचा 'ण' काढून घेतला. मागे गाड्या खोळंबल्या. बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला, सर, हौ द्या ना आता. त्यालाही 'होऊ' शिकवला.

मॅनेजर खाली आला. घामाघूम. म्हणे, साहेब, मराठीचा एकच शो आहे, तोच काढून टाकतो. हिंदीवाला राहू द्या.

मान्य केलं. अमरावतीत आता हा चित्रपट मराठीत दिसणार नाही. मराठी अस्मितेचा एवढा मोठा विजय शहरात पूर्वी झाला नसेल.

घरी येऊन सांगितलं. संध्या भाकरी थापत होती. थांबली. म्हणे, म्हणजे आपल्या गावात नाई लागणार? म्हटलं, नाही. ती म्हणे, बंदच केला? म्हटलं, बंदच. तिने ती भाकरी तव्यावर करपू दिली. ताटात मला तीच वाढली.

२६ नोव्हेंबर

संध्या अकोल्याला गेली. भाऊ खुशालरावांकडे. बॅग भरताना एवढंच म्हणाली की अकोल्यात लागून राहिला, आवाज अजून बदलला नाई, आमी सारे जाऊन राहिलो. मी विचारलं, मी? ती म्हणे, तुमी तं मोर्चा काढून पाहून घेतला.

खिचडी लावली. खाली लागली. खालचा थर खरडताना फावड्याचा आवाज आठवला. काहीतरीच आठवणी येतात रिकाम्या पोटी.

२९ नोव्हेंबर, अकोला. दुपारी

निरीक्षणासाठी आलो आहे. पाहिल्याशिवाय पुढचं आंदोलन अभ्यासपूर्ण होणार नाही, हे बसमध्ये मूर्तिजापूरच्या आसपास लक्षात आलं. दंडाला काळी फीत. मंचाचा बॅनर पिशवीत.

खुशालरावांचं फुलांचं दुकान. दारातच म्हणाले, या भाऊजी, या! पिच्चर बंद करून पिच्चर पाहाले आले काय? म्हटलं, निरीक्षण. ते म्हणे, हाव, हाव. ते फीत सोडा आंधी, लोकं विचारतीन घरात कोण गेलं.

फीत सोडली. तात्पुरती.

थिएटरबाहेर हिवरखेडचं अर्धं गाव. माझी मावससासू मनकर्णाबाईसुद्धा, दोन पोरींच्या खांद्यावर हात ठेवून. पोस्टरवर कप्तान रेइका एवढी मोठी आणि तामे कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. आणि खुशालरावांनी दुकानातून आणलेला शेवंतीचा हार लावला होता कोपऱ्यात. तामेला! अडाणी लोक. मी हार काढून कप्तानला घातला. संध्या आली, हार काढला, परत खाली घातला.

आत चाललो. संकल्प : हसणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी. खुशालरावांच्या गच्चीवर

क्रमाने लिहितो.

सुरुवातीला कप्तान बोलत होती, तोपर्यंत मी शेजाऱ्यांना कोपर मारून आमची प्रणाली, आमची प्रणाली असं सांगत होतो. शेजारचा एक म्हणे, काका, ऐकू द्या.

मग तामे आली. "कोयसा का तुह्या मामानं धाडला?" सगळं थिएटर उसळलं. मी कान टवकारले. हे कसलं हसू, याचा अभ्यास करायचा होता. पुण्याच्या सभागृहातलं हसू मला पाठ आहे. हे ते नव्हतं. लग्नाच्या मांडवात आपल्या घरचं कोणी बोललं की हसतात, तसं. मनकर्णाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, बाप्पा, हे तं आपल्यातली बोलून राहिली!

चित्रपटात जहाज पडायला लागतं. वरचे सगळे शुद्ध बोलणारे गोंधळतात. कप्तान हुकूम देते, जहाज सोडा. तामे सोडत नाही. धुरात उभी राहते आणि वर तोंड करून म्हणते, "मी नाई जात. हे जहाज तुमच्या हुकुमावर नाई चालत, माह्या आगीवर चालते." शिट्ट्या. खुशालराव उभे. निळ्या केसांचं एकही माणूस ते जहाज वाचवत नाही. तीच वाचवते. ही फिल्म तिचीच आहे. पोस्टरने खोटं सांगितलं आणि ट्रेलरने आणि... असो.

शेवटी एक प्रसंग. तामे एकटी, भट्टीच्या भिंतीला कपाळ टेकून. तिला वर डेकवर बोलावलंय, सगळ्यांसमोर बोलायचंय. ती शुद्ध वाक्य पाठ करते. "मला... आपल्याशी बोलायचे आहे." 'मला'तला 'ला', 'बोलायचे'तला 'य', सगळं जागच्या जागी. आणि मग श्वास घेते. एक छोटा, अडकलेला श्वास, कुणी मागे उभं नाही ना याचा अंदाज घेतल्यासारखा. आणि हळूच भिंतीला सांगते, "मले बोलाचं आहे."

तो श्वास मी ओळखला.

'ळ' नाही ओळखला. 'ण' नाही. वीस वर्षं कान तयार केले, आणि आवाज नाही ओळखला. तो श्वास ओळखला. प्रणाली सहा वर्षांची असल्यापासून पुढच्या खोलीत मी तो ऐकत आलो. वाटायचं, सर्दी आहे. दोनदा डॉक्टरांकडेही नेलं होतं.

संध्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणे, आता समजलं?

नावं येईपर्यंत बसलो. चूक असू शकते, म्हणून. कप्तान रेइका : कोणी एक पुण्याच्या बाई. तामे : प्रणाली संध्या.

एवढंच. पुढे माझं नाव येईल म्हणून थांबलो. दिवे लागले.

बाहेर आल्यावर योगेशचा मेसेज दिसला. दुपारचाच. 'सर, अभिनंदन!! कंपनी झुकली! येत्या शुक्रवारपासून तामे नवीन आवाजात, शुद्ध मराठीत, सगळीकडे. पोस्टरवर रंगपण उजळ केला. आपण जिंकलो.' खाली हाराचं चित्र, फटाके, पुन्हा हार.

१ डिसेंबर, अमरावती

संध्याही सोबत परतली. कंपनीला पत्र : मागण्या मागे. पूर्णपणे. आधीचा आवाजच ठेवावा, तो अतिशय योग्य आहे.

योगेशला फोन. म्हणे, सर, मागे कशी घ्यायची? पेपरात आलं, सत्काराला हॉल घेतला, शाली आणल्या. म्हटलं, ती नटी प्रणाली आहे. तो म्हणे, सर, तुम्हीच सांगितलं होतं, ती कप्तान. मग म्हणे, पण तत्त्वाच्या लढ्यात घरचं-बाहेरचं पाहायचं नसते सर, हे पण तुम्हीच सांगितलं होतं.

नालायक. सगळं पाठ करून ठेवतात.

४ डिसेंबर

उत्तर आलं. 'आपल्या भागातील जनतेच्या भावनांचा आदर राखून बदल पूर्ण केला आहे. आता पुन्हा बदल शक्य नाही. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत.'

मार्गदर्शन!

माझ्या भागातील जनता अकोल्यात शिट्ट्या मारत होती. यांना कळवलं कोणी? मी. वऱ्हाडची भावना काय, हे यांना कुणी लिहून दिलं? मी. कोण लागून गेलो मी? राग येतो आहे, आणि पहिल्यांदाच पत्ता माहीत आहे. सोयीचं नाही.

५ डिसेंबर

प्रणालीला फोन केला. धीर करून. म्हटलं, पिक्चर पाहिला. चांगला आहे.

ती म्हणे, कुठला आवाज ऐकला?

अकोल्याचा.

बरं झालं, म्हणे. तो आज निघाला.

मी म्हणालो, तू सांगायचं होतं. ती म्हणे, सांगितलं असतं तर तुम्ही हॉलमध्ये चुका मोजत बसले असते. मला वाटलं, एकदा तुम्ही बाकीच्या लोकांसारखं ऐकावं. नुसतं.

मग विचारलं, तो भिंतीचा प्रसंग? म्हणे, तो मूळ फिल्ममध्येच आहे बाबा. पण मला डायरेक्टरने काही समजावून सांगावं लागलं नाही. मी लहानपणी भिंतीला आधी तुमचं वाक्य सांगायची. तुम्ही आत गेले की माझं.

स्टुडिओने तिला सांगितलंय, यापुढे न्यूट्रल आवाज कर, त्यात वाद नाही. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा राजकुमारीची ऑडिशन आहे. जमेल म्हणे. शुद्ध येतं मला, तुम्हीच शिकवलं.

हे तिने टोमण्याने म्हटलं नाही. टोमणा असता तर रागावता आलं असतं.

१२ डिसेंबर

सत्कार. शाल, श्रीफळ, आणि मंचासाठी 'आकाशभट्टी'चा खास मराठी शो, शुद्ध तामेसह. गेलो नसतो, पण अध्यक्ष मीच.

संध्या आली नाही. म्हणे, मी पाहिला. माह्या पोरीचा.

नव्या पोस्टरवर तामे गव्हाळ आहे. आत तामे भट्टीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वाढवा म्हणता! कोळसा काय तुमच्या मामांनी पाठवला आहे?" कोणी हसलं नाही. चंद्रभानजींनी कूस बदलली. शेवटी भिंतीला कपाळ टेकून ती म्हणते, "मला आपल्याशी बोलायचे आहे." मग थांबते. मग पुन्हा म्हणते, "मला बोलायचे आहे." दोन्ही वेळा तेच. ती का थांबली, हे कुणालाच कळलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, डीव्हीडी अटकली काय रे?

उच्चार निर्दोष होते. एकही चूक काढता आली नाही. वीस वर्षांत मी असं काही ऐकलं नव्हतं, आणि परत ऐकायचं नाही.

बाहेर खुशी भेटली. म्हणे, सर, उद्यापासून वर्गाला येणार नाही. कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. 'नाही'चा उच्चार व्यवस्थित केला.

१४ डिसेंबर, संध्याकाळी

वर्गाला कोणी आलं नाही. रविवार असेल. आहेच.

पुढच्या खोलीत एकटा बसलो होतो. भिंतीजवळ गेलो. प्रणालीचा डाग माझ्या कमरेच्या थोडा वर येतो. कपाळ लावायला गुडघ्यांवर बसावं लागलं. संध्या स्वयंपाकघरात होती, म्हणून हळू आवाजात म्हणून पाहिलं :

"हे जहाज तुमच्या हुकुमावर नाई चालत, माझ्या आगीवर चालते."

नांदगाव खंडेश्वरला जन्मलो. बाप, पंजाबराव, मरेपर्यंत असंच बोलला. मला यायला काय हरकत होती?

आतून संध्या म्हणाली, "माह्या." परत म्हणा.

परत म्हटलं.

ती म्हणे, नाई. पुस्तकातलं वाटते. परत.